नीलू, तुझ्या नावाचा दंडुका

अन्याय इंदू परब हिच्यावर झाला. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी, दुकानांची शटर्स नुकती वर जात असताना, पार्ल्याच्या स्टेशन रस्त्यावर. दंडाला पांढऱ्या पट्ट्या बांधलेली पोरं आली, तिची टोपली पायाने उडवली, तराजू गटारात फेकला आणि उद्यापासून इथे दिसलीस तर याद राख म्हणून गेली. तिच्या शेजारी बसणाऱ्या बायांचंही तेच केलं. उपासाचा दिवस होता. बेल, केळी, रताळी घ्यायला अर्धं पार्लं रस्त्यावर होतं. अर्ध्या पार्ल्याने बघितलं आणि बाजूने वाट काढली, चपलेला रताळं लागू नये म्हणून.

त्याच सकाळी, त्याच रस्त्यावर, अन्याय तुझ्यावरही झाला, नीलू. प्रत्येक शटरवर एक गुलाबी कागद चिकटवलेला होता आणि कागदाच्या तळाशी तुझं नाव होतं.

मला असंच लिहिता येतं. कोणावर, कधी, कुठे, कोणी. "कुंदे, तुझं प्रत्येक पत्रक पोलीस चौकीतल्या तक्रारीसारखं सुरू होतं," असं तू म्हणायचीस. होतं. युनियनच्या ऑफिसात मला तेवढंच शिकवलं. मेलेल्या मैत्रिणीवर कसं लिहायचं ते कोणी शिकवलं नाही, आणि ज्या मैत्रिणीचा ओळख झाल्यापासून हेवा केला तिच्यावर कसं लिहायचं ते तर कोणालाच ठाऊक नसावं. तेव्हा ही पण तक्रारच समज. तुझ्याविरुद्ध आहे. तू गेलीस, आणि भांडण अर्धं सोडून गेलीस.

वाटलं होतं, माणूस गेलं की हेवा ओसरतो. परवा तुझं तेरावं झालं. माझा हेवा वाढलाय.

सुरुवात कधी झाली ते मला पक्कं आठवतं. गुरुवारच्या अभ्यासमंडळात मी पहिल्यांदा आले ती तुला चीत करायला. दिंडोशीच्या वसाहतीतून, गिरणी कामगाराची पोरगी, पिशवीत पत्रकं. पार्ल्याच्या शाळेतला तो वर्ग, छोट्या मुलांचे बाक, गुडघे हनुवटीला लागतायत, आणि फळ्यापाशी आमचे बर्वे सर, तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. समोर तू. केस मागे घट्ट बांधलेले, हातात शेंगदाण्याची पुडी. तू म्हणत होतीस, या देशाला गरीब ठेवलंय ते सरकारी परवान्यांनी, बाजार मोकळा सोडा, माणूस आपोआप मोकळा होईल. मी उठले आणि सुरू झाले. भांडवलदारांची दलाल वगैरे. सरांनी मला मध्येच थांबवलं.

"बाळ, ही काय म्हणतेय ते आधी सांग."

"म्हणजे?"

"हिची बाजू मांड. अशी मांड की ही म्हणाली पाहिजे, हो, हेच माझं म्हणणं. तोवर उत्तर द्यायचा तुला अधिकार नाही."

तो आपल्या मंडळाचा नियम. कागदाच्या पुढच्या बाजूला पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, जमेल तितकं बळकट करून. समोरच्याने "हो, हेच" म्हटलं की मगच मागच्या बाजूला आपलं उत्तर. मग स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाइल करायचं आणि वाटायचं. मला हा नियम म्हणजे पोट भरलेल्यांचा खेळ वाटला. संप चालू असताना कोण मालकाची बाजू बळकट करून मांडतं? पण तुझ्यासमोर हार खायची नव्हती म्हणून राहिले.

आणि हरले. पहिल्याच महिन्यात हरले. तू आमच्या गिरणी संपाचा पूर्वपक्ष लिहिलास. तुझा संपाला विरोध, पण कागदाच्या पुढच्या बाजूला माझंच म्हणणं होतं. मी ते वाचलं आणि परत वरपासून वाचलं. मी दोन वर्षं जे गेटागेटांवर ओरडत होते ते तू एका पानात, आवाज न चढवता, लिहिलं होतंस. गिरणीत खोकत खोकत म्हातारा झालेला माणूस आणि त्याच्या हातात पडणारी पगाराची चिठ्ठी, एवढंच. "हो, हेच" मला म्हणावंच लागलं.

तो कागद मी घरी दादांना वाचून दाखवला. दादा म्हणजे माझे वडील. संप मोडल्यापासून ते खिडकीजवळ बसून असायचे, बोलणं कमी. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

"ह्यां तू लिवलंस? आता जमला तुका."

"मी नाही. नीलूने. पार्ल्याची आहे. आपल्या विरोधात आहे."

"इरोधात? आणि आमचा इतक्या कळता तिका?" दादा म्हणाले, "हाड तिका जेवूक."

तू जेवायला आलीस. बांगड्याचं तिखलं बघून घाबरशील अशी माझी खात्री होती, खरं सांगायचं तर आशा होती. तू डोळ्यातून पाणी काढत दोनदा वाढून घेतलंस आणि दादांशी भांडायला बसलीस.

"दादा, तुमचे गिरणीमालक भांडवलदार नव्हतेच हो. एकाने नवं यंत्र आणलं नाही. सरकारी कर्ज खाल्लं, गिरणीखालची जमीन धरून बसले. हे व्यापारी नाहीत, हे आळशी जमीनदार!"

दादा हसले. संप मोडल्यानंतर पहिल्यांदा. "शिवी बरोबर देता गो ही," आईला म्हणाले. माझ्या इतक्या घोषणांना एकदा हसले नव्हते. त्या दिवशी भांडी घासताना मी एक वाटी जरा जोरात आपटली. आईने फक्त बघितलं.

तुझं ते मत आलं कुठून, हे कळल्यावर तरी राग कमी व्हायला हवा होता. तुझ्या बाबांचा अंधेरीला हेअरपिनांचा छोटा कारखाना. तारेचा सरकारी कोटा वेळेवर कधीच यायचा नाही. कामगार बसून, म्हणून बाबांनी बाहेरून तार घेतली, तर तो गुन्हा. कोर्टाच्या तारखा करता करता ते गेले. तू सांगितलंस तेव्हा शेंगदाणे सोलत होतीस आणि सालं नीट एका बाजूला ठेवत होतीस. मला माझे दादा दिसले. पण मी काय म्हटलं? म्हटलं, "एका कारखानदारासाठी इतकं वाईट वाटतं तुला, आमच्या अडीच लाख कामगारांचं काय?" तू म्हणालीस, "कुंदे, माझे बाबा एकच होते ना."  

मग आपलं मोठं भांडण सुरू झालं, जे वर्षभर चाललं आणि अजून संपलेलं नाही. मोकळ्या बाजाराच्या पोटातून हुकूमशाही जन्मते का? मी म्हणायचे, जन्मते. मी इटलीच्या हुकूमशहाची काळ्या सदऱ्यांतली टोळकी काढायचे, त्यांना पैसा पुरवणारे कारखानदार काढायचे. तू आणीबाणी काढायचीस. "ती काय बाजाराने आणली? समाजवादाचं नाव घेऊन आणली, कुंदे. माझ्या बाबांच्या कोट्यावर ज्यांची सही लागायची, त्यांनीच आणली." मी म्हणायचे, "आणि टाळ्या कोणी वाजवल्या? संपावर बंदी आली म्हणून पेढे कोणी वाटले?" तू म्हणायचीस, "पेढे वाटणारा बाजाराचा माणूस नव्हे." मी चिली काढायचे. तिथे लष्कराच्या जनरलने सत्ता घेतली, माणसं गायब केली, आणि त्याच्या शेजारी बसून मोकळ्या बाजाराचे पंडित कागद लिहीत होते. चिली आलं की तू शेंगदाणे खायची थांबायचीस.

"ते माझे नव्हेत," तू एकदा म्हणालीस.

"तुझीच पुस्तकं वाचलेले होते."

"माझी पुस्तकं अर्धी वाचलेले होते. दंडुका घेणारा मोकळ्या बाजाराचा असूच शकत नाही."

"मग जगात तुझा एकही माणूस नाही, नीलू."

"तुझ्या कामगारांच्या राज्यात तरी कोण आहे? तुरुंगाबाहेरचा दाखव."

बर्वे सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण घरी जाताना वाटेत वाक्य घोळवत राहिले, की हे मला का सुचत नाही.

सरांनी विषय दिला, "बाजाराला दंडुका लागतो का?" आणि तू स्वतः होऊन दंडुक्याचा पूर्वपक्ष मागून घेतलास. दंडुक्याची बाजू घेणारं मंडळात कोणीच नव्हतं. "हो, हेच" म्हणायला समोर माणूसच नव्हता. नियमाप्रमाणे तू थांबायला हवं होतंस. तू म्हणालीस, "मग इतकं चांगलं लिहीन की असा माणूस असता तर म्हणाला असता." आणि लिहिलंस. देवा शपथ, चांगलं लिहिलंस. जो भाडं भरतो, कर भरतो, परवाना दाखवतो, त्याच्या दारात फुकट बसणारा हा व्यापारी नव्हे, चोर. सरकार चोराला हात लावत नाही, कारण चोराला मत असतं. मतांवर चालणारं राज्य मालमत्तेचं रक्षण करीत नसेल तर मालकांनी आपला हात उगारावा. तो गुन्हा नव्हे, ती स्वातंत्र्याची चौकीदारी.

मागच्या बाजूला तुझं उत्तर होतं. तेही मला जवळजवळ पाठ आहे. या रस्त्यावर मोकळा बाजार कोणी चालवत असेल तर ती टोपलीवाली. तिला कोटा नाही, कर्ज नाही, संरक्षण नाही, गिऱ्हाईक नको म्हणालं तर ती उपाशी. परवाना नसणं हा गुन्हा असेल तर माझे वडील गुन्हेगार होते. टोपलीला लाथ मारणारा स्पर्धेला भ्यालेला आहे, आणि भ्यालेल्या श्रीमंताइतकं धोकादायक जनावर नाही.

हे वाचून मी तुला काय म्हटलं, आठवतंय? "मागची बाजू माझ्यासारखी झालीय." तू म्हणालीस, "नाही गं, पूर्णपणे माझीच आहे. तुझ्या लक्षात येत नाही." हे बोलतानाही हसत होतीस.

कागद नेहमीप्रमाणे वाटलेस. एक साठ्यांना दिलास, कारण स्टेन्सिलचे कागद ते फुकट द्यायचे. साठे म्हणजे आपल्या रस्त्यावरचं मिक्सर, स्टोव्ह आणि कुकरचं दुकान, व्यापारी संघाचे अध्यक्ष, गणपतीत पहिली पावती फाडणारे. तू त्यांना काका म्हणायचीस. एकदाही तुझ्या मनात आलं नाही की एखादा माणूस पुढची बाजू वाचेल आणि पान उलटणारच नाही. अशी चूक फक्त आपल्या मंडळातलं माणूसच करू शकतं. आमच्या युनियनमध्ये पहिल्या दिवशी सांगतात, पत्रकाची पहिली ओळच वाचली जाणार, तेव्हा तिथे आपलं म्हणणं ठेव. मी तुला हे सांगितलं होतं. तू म्हणालीस, "मग वाचणाऱ्याला तू गाढव समजतेस."

त्या सोमवारी दुपारी आपण दोघी साठ्यांच्या दुकानात गेलो. शटरवरचा गुलाबी कागद तुझ्या हातात होता. रागाने तू कशी दिसतेस ते मी तोवर बघितलंच नव्हतं.

"साठेकाका, मागची बाजू कुठाय?"

"अहो नीलाताई, बसा. अरे, दोन कॉफी सांग. मागची बाजू घातली असती तर कागद शटरला चिकटवणार कसा?"

"मागची बाजू माझी होती. पुढची माझी नाही."

"असं कसं? लिहिलीत तुम्हीच की. आणि काय लिहिलीत! आम्ही कधीचे चाचपडत होतो. आमच्या मनात होतं, पण शब्द नव्हते. पोरांना दोन वेळा वाचून दाखवलं मी."

तू माझ्याकडे बघितलंस. कॉफी आली, कोणी घेतली नाही. बाहेर रस्त्यावर चेपलेली केळी तशीच पडली होती. मला त्या वेळी काय वाटलं ते लिहून टाकते, कारण या तक्रारीत माझंही नाव यायला हवं. संताप आलाच. पण त्याच्याखाली, लाज वाटावी इतका स्पष्ट, हेवा होता. मी इतकी वर्षं पत्रकं लिहिते. एका गेटवरचा एक माणूस हलत नाही. तुझ्या एका पानाने सगळा रस्ता हलला. उलट्या दिशेने हलला, पण हलला.

दुसऱ्या सकाळी तू काय केलंस! घरून बसायचा मोढा आणलास आणि इंदूच्या जागेवर, इंदूच्या शेजारी बसलीस. कोथिंबिरीच्या जुड्या समोर मांडून ओरडायला लागलीस. तोंडातून आवाज निघेना. इंदू पदर तोंडाला लावून हसत होती.

"ह्या चेडवाक वरडूक येणा नाय गो! ह्येची कोथमीर कोण घेतलो?"

"इंदूताई, शिकवा ना मग."

"पोटातसून वरड. भूक लागल्यासारखी."

पांढऱ्या पट्ट्यांची पोरं आली, तुला बघितलं आणि पानाच्या टपरीशी उभी राहिली. पार्ल्याची पोरगी, पांढरपेशा घरातली, मामा डॉक्टर. तिच्या टोपलीला लाथ कोण मारणार? मीही तिथेच बसले होते, त्या बायांच्या रांगेत, पण पोरांचे डोळे माझ्यावरून पुढे जायचे आणि तुझ्यावर थांबायचे. माझ्या अंगाला हात लावताना त्यांना विचार करावा लागला नसता. तू जिथे बसशील तिथे आपोआप कायदा यायचा, आणि तुला ते कळतही नव्हतं. तू म्हणत होतीस, "बघ, उभं राहिलं की मागे हटतात." मी म्हटलं, "तू उभी राहिलीस की हटतात." तू हळूच म्हणालीस, "हे बरोबर आहे. हे मला घालावं लागेल." कशात घालायचं, ते बोलली नाहीस.

महिनाभर रोज बसलीस. इंदू तुला मुलगी म्हणायला लागली. माझ्याशी ती आजही "युनियनवाल्या बाई" म्हणून बोलते, मान राखून, अहो-जाहो करून. माझी माणसं ती, नीलू. माझ्या मुलखाची, माझ्या बोलीची. आणि ती तुझी झाली.

भाद्रपदात तुला कावीळ झाली. अंगाला ताप, डोळे हळदीसारखे. मी आले तेव्हा तू पलंगावर, समोर उसाचा रस, आणि उशाशी फुटाणे, कारण शेंगदाणे बंद केले होते. तुझी आई आत गेल्यावर म्हणालीस,

"कुंदे, एक काम कर. माझा पूर्वपक्ष लिही. मोकळ्या बाजारातून हुकूमशाही का येत नाही. साठ्याला धरून लिही, टाळू नकोस. मी 'हो, हेच' म्हटलं की मग घाल काय घालायचं ते मागच्या बाजूला."

"बरी हो आधी."

"बरी होतेय मी. लिहून आण. आणि अवघड लिहू नकोस, माझं डोकं दुखतं."

मी लिहून आणलं तेव्हा तुला बेशुद्धीतच इस्पितळात नेलं होतं. तू वाचलं नाहीस. म्हणून ते इथे देते. तुझी मान्यता नसलेला तुझा पक्ष.

नीलूचं म्हणणं असं: बाजार म्हणजे दुकान नव्हे. बाजार म्हणजे नको म्हणून उठून जाता येणं. एका मालकाला नको म्हणून दुसऱ्याकडे, एका दुकानाला नको म्हणून टोपलीकडे. हुकूमशहाला आधी काय लागतं? कागद एकाच्या हातात, नोकरी एकाच्या हातात, तारेचा कोटा एकाच्या हातात. जिथे हात पुष्कळ, तिथे गळा धरणं कठीण. साठे बाजाराचे नव्हेत. त्यांना टोपलीशी स्पर्धा नको होती म्हणून त्यांनी लाठी आणली. लाठी उचलली त्या क्षणी ते माझ्या बाजूचे उरले नाहीत. चोराने देवळातून पळ काढला म्हणून देव चोर होत नाही.

हेच का गं? शेवटचं वाक्य तू ठेवलं नसतंस. देवाचं तू कधी बोलायची नाहीस. पण बाकीचं? मी चार वेळा फाडून लिहिलं, आणि लिहिताना पहिल्यांदा मला वाटलं की तुझं म्हणणं माझ्याहून सुंदर आहे. त्याचाही हेवा वाटला.

आणि हे माझं उत्तर, अधिकार नसताना दिलेलं. साठे तुझ्या बाजूचे उरले नाहीत, कबूल. पण जाताना दुकान घेऊन गेले, गल्ला घेऊन गेले. तू त्यांना फक्त वाळीत टाकू शकलीस. ती पांढऱ्या पट्ट्यांची पोरं कोण आहेत, तुला माहीत होतं का? मी दोघांना ओळखते. बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांची पोरं. रोजावर आणलेली. त्यांना नको म्हणून उठून कुठे जाता आलं असतं? नको म्हणायला मागे काहीतरी असावं लागतं, निदान उद्याची भाकरी. तुझ्या मागे घर होतं. ज्याच्या मागे काही नाही त्याचा मोकळेपणा कोणीही रोजावर घेतो. सगळं विकाऊ ठेवलं की एक दिवस कोणीतरी लाठीवाला हातही विकत घेणार, आणि तो पैसा बाजारातच कमावलेला असणार.

दुसरं. तू नेहमी म्हणायचीस, सरकार निकामी. मग म्हणायचीस, राजकारण म्हणजे मतांची दुकानदारी. हसत म्हणायचीस. यापुढची पायरी तू कधी बोलली नाहीस: मत देणारेच नालायक, त्यापेक्षा एक कडक माणूस बरा. पण तुझ्या दुसऱ्या पायरीवर उभ्या असलेल्यांना तिसरी फार खाली नव्हती. साठे एका पावलात उतरले. बाजारातून दंडुका निघालाच पाहिजे असं मी आता म्हणत नाही. एवढंच म्हणते, की तुझ्या घराला त्या बाजूने कडी नव्हती, आणि ती घालायचं काम तू उद्यावर टाकत होतीस.

यावर तू काहीतरी म्हणाली असतीस. एकच वाक्य, शेंगदाण्याचं साल फुंकत, आणि मी घरी जाताना ते घोळवत राहिले असते. ते वाक्य काय असतं याचा मी रोज विचार करते. सापडत नाही. माझा राग सगळा इथे आहे.

तेराव्याला तुझ्या घरी गर्दी होती. इंदू दाराबाहेर उभी होती, हातात कोथिंबिरीची जुडी, आत ये म्हणायला कोणाला सुचलं नाही. मी बाहेर जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. "माजा चेडू गेला," एवढंच म्हणाली आणि धाय मोकलून रडली. मला रडू आलं नाही. तिचाही हेवा वाटला.

आत साठे बोलत होते. मोठ्या केलेल्या तुझ्या फोटोला त्यांनी हार आणला होता. तुझा फोटो माझ्याकडे एकही नाही, त्यांच्याकडे आहे. म्हणाले, फेरीवाल्यांच्या घाणीने, त्यांच्या गटाराच्या पाण्याने आमच्या नीलाताईंचा बळी घेतला. म्हणाले, ज्या विचारासाठी ताई जगल्या तो पुढे न्यायचा. रस्त्याच्या रक्षणाला कायमचं दल उभारायचं, पोरांना पगार, शिट्ट्या, लाठ्या, आणि दलाला तुझं नाव. तुझी आई मान हलवत होती. ती इतकी दमली होती की कशालाही मान हलवली असती. बर्वे सर उठले, "मागची बाजू…" म्हणाले, पण त्यांचा आवाज तीन बाकांपलीकडे जात नाही.

जाता जाता तुझे आभार मानायचे राहून जातात. तुझ्यामुळे मी समोरच्याचं ऐकून घ्यायला शिकले, आणि त्यामुळे युनियनमध्ये माझ्याकडे आता थोडं कमी विश्वासाने बघतात. दादांना हसवलंस. मला बांगड्याच्या जेवणाला एक कायमची रिकामी जागा दिलीस. जा आता. यापुढचं तुझ्याशी नाही.

यापुढचं तुमच्याशी, हे वाचणाऱ्यांशी. स्टेशन रस्त्याच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्यांशी, मिक्सर साठ्यांकडून आणि मेथी इंदूकडून घेणाऱ्यांशी. दलाचा ठराव येत्या रविवारी सकाळी, शाळेच्या हॉलमध्ये व्यापारी संघाच्या सभेत यायचाय. रहिवाशांना तिथे मत आहे. साठ्यांनी स्वतःच ठेवलंय, कारण तुम्ही येणार नाही याची त्यांना खात्री आहे. तुम्हाला बाजार मोकळा हवा असो की सरकारी, तुम्ही माझ्या बाजूचे असा की नीलूच्या, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. ते भांडण आमच्या दोघींचं होतं. पण ज्या दिवशी टोपल्या उडाल्या त्या दिवशी तुम्ही रस्त्यावर होता. म्हणून रविवारी या. पुढच्या रांगेत बसा. फोटोला हार घालू नका. ठराव वाचून झाला आणि "विरोधात कोण" असं विचारलं की हात वर करा, आणि साठे शेवटचा हात मोजत नाहीत तोवर खाली घेऊ नका.